दांडका कुठे, आणि किती वाजता? (‘जुना रामबागकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर)

नमस्कार काका (वयाने मोठे असाल असं धरून चालते),

मागच्या लेखात मी लिहिलं होतं की इंदूरच्या भंवरकुआं भागातल्या हॉस्टेलवाल्या गल्ल्यांमध्ये मोबाइल हिसकावणं, छेडछाड आणि रात्रीची हाणामारी या तीन वेगळ्या कटकटी वाटतात, पण त्यांची जागा आणि वेळ बऱ्याचदा एकच असते. पोलिसांनी एकेका तक्रारीमागे धावत बसण्यापेक्षा ती जागा आणि ती वेळ हातात घ्यावी. त्यावर तुमचं म्हणणं थोडक्यात असं: हे परदेशी पुस्तकी ज्ञान आहे; पोलिसांचं काम चोर पकडायचं, खांबावरचे दिवे मोजायचं नाही; चौकात चार पोरांना दांडका पडला की आठवडाभर शांतता असते; थान्यात (पोलीस ठाण्यात) माणसंच नाहीत; आणि बाहेरगावची पोरं आली तेव्हापासून इंदूर बिघडलं, म्हणून हॉस्टेलांना रात्री आठला कुलूप लावा. शेवटी हेही लिहिलंत की विष्णुपुरीतल्या तुमच्या घरात वरच्या मजल्यावर सहा मुली पीजी राहतात, तेव्हा हा विषय तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतो. तो तसा कळत असेल म्हणूनच एवढं लांबलचक लिहायला बसले.

दांडक्याने शांतता होते, नाही कोण म्हणतं? आठवडाभर होते, असं तुम्हीच म्हणता. आठव्या दिवशी काय, एवढंच माझं विचारणं.

एखादी गल्ली नीट बघा. कोचिंगची शेवटची बॅच सुटते, मुली मेसमध्ये जेवतात आणि फाटक दहाला बंद व्हायच्या आत पोचायचं म्हणून निघतात. मेसपासून फाटकापर्यंत जेमतेम दोनशे पावलं. मधल्या खांबावरचा दिवा चालू आहे, पण तो कडुनिंबाच्या फांद्यांत गेलाय. उजेड झाडाला, अंधार रस्त्याला. समोरच्या बंद दुकानाच्या ओट्यावर दोन-चार बाइकवाले टेकलेले. उशीर झालेली मुलगी फोन कानाला लावून आईला ‘पोचतेच आता’ सांगत भराभर चालते. मागून बाइक येते, फोन जातो आणि बाइक एबी रोडच्या हमरस्त्याला लागते. जे काय घडायचं ते त्या अर्ध्या तासात. पोलिसांची गाडी फेरी मारते ती साडेअकराच्या पुढे, तेव्हा गल्लीत फक्त कुत्री असतात. अशा गल्लीत दांडका चालवायचा तर कोणावर? ओट्यावरच्या चौघांना पिटाळलंत तर पुढच्या आठवड्यात दुसरे चौघे बसतील. ओटा तिथेच आहे, फांदी तिथेच आहे आणि फाटकाची वेळही तीच.

याहून वाईट पुढे होतं. मुलगी थान्यात जाते आणि तिला सांगितलं जातं, ‘मोबाइल गुम झाल्याचा अर्ज लिहून दे, सिम लगेच मिळेल.’ माझ्या ओळखीतल्या मुलींना हे ऐकावं लागलं आहे. गुम म्हटलं की गुन्हा नाही, तपास नाही आणि बैठकीत वरच्यांना उत्तर देणं नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत हिसकावणं हा कलम ३०४ खाली स्वतंत्र गुन्हा आहे, ३ वर्षांपर्यंत शिक्षेचा. नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही. तक्रार ऑनलाइनही देता येते, मात्र ३ दिवसांत जाऊन सही करावी लागते. एवढं सगळं असून दहा मुलींचे दहा फोन कागदावर ‘हरवले’, तर थान्याच्या लेखी त्या गल्लीत काही घडलंच नाही. मग गस्त कुठे लावायची हे ठरवायचं कशावरून? तुमच्या वरच्या मजल्यावरच्या मुलींना एकदा विचारून बघा.

आता परदेशी पुस्तक. हर्मन गोल्डस्टीन हे अमेरिकेतल्या विस्कॉन्सिन विद्यापीठातले प्राध्यापक. त्यांनी १९७९ साली पोलिसांच्या कामावर एक लेख लिहिला आणि सुरुवातीलाच इंग्लंडमधल्या एका बससेवेची गंमत सांगितली. ड्रायव्हर रांगेत उभ्या प्रवाशांना हात हलवून पुढे निघून जातात अशी तक्रार झाली, तर उत्तर आलं की प्रवाशांसाठी थांबत बसलं तर बस वेळेवर धावणार कशी! गोल्डस्टीन यांचा रोख असा की पोलीस खातंही गाड्या, फेऱ्या आणि अटकेचे आकडे सांभाळण्यात इतकं गुंततं की ते ज्या कामासाठी आहे ते काम बाजूला राहतं. यातलं परदेशी काय आहे, सांगा. आपल्या सिटी बससाठी ताटकळलेल्या कोणालाही हे उमजेल.

‘पोलिसांनी दिवे मोजायचे का’ यालाही तिथे उत्तर मिळालं आहे. १९८०च्या दशकात व्हर्जिनियातल्या न्यूपोर्ट न्यूज शहरात एका पडीक अपार्टमेंट वसाहतीत घरफोड्या थांबत नव्हत्या. पोलीस दारोदार फिरले, राहणाऱ्यांना विचारलं. इमारती इतक्या खिळखिळ्या होत्या की दारं-खिडक्या सहज उचकटता येत. पोलिसांनी सुतारकाम केलं नाही; ज्या ज्या सरकारी खात्यांचा त्या वसाहतीशी संबंध होता त्यांना एका टेबलाशी बसवलं, तिथला कचरा आणि बेवारस गाड्या हलवल्या. घरफोड्या ३५ टक्क्यांनी उतरल्या. इथेही कडुनिंब छाटायचं काम निगमचंच (महापालिकेचंच) आहे. पण तुम्ही-आम्ही निगमच्या ३११ ॲपवर तक्रार टाकली तर ती शंभरातली एक. ‘या खांबाखाली दोन महिन्यांत इतके गुन्हे’ असं टीआय साहेबांच्या (थान्याच्या प्रमुखांच्या) सहीचं पत्र झोन कार्यालयात गेलं तर शिडीची गाडी दुसऱ्या दिवशी येते.

माणसं कमी आहेत हा तुमचा मुद्दा खरा आहे, अगदी शंभर टक्के. बंदोबस्त, व्हीआयपी, मिरवणुका, कोर्टाच्या तारखा यातून बीटच्या आरक्षकाला (त्या भागाच्या पोलीस शिपायाला) गल्लीत उभं राहायला वेळ उरतो किती? पण म्हणूनच तर नेम धरायला हवा. १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत शहराच्या काही भागांत गस्त दुप्पट-तिप्पट केली, काही भागांत नेहमीची गस्त काढूनच घेतली. वर्षभराने बघितलं तर गुन्ह्यांत आणि लोकांच्या भीतीत म्हणण्यासारखा फरक नव्हता. नुसती गाडी फिरवत ठेवून काही होत नाही. असलेले दोनच आरक्षक साडेनऊ ते दहा त्या दोनशे पावलांवर उभे राहिले, तर रात्रभर फिरणाऱ्या गाडीपेक्षा जास्त काम करतील.

आणि परदेश कशाला? २०२२ साली आपल्याच एमजीएम मेडिकल कॉलेजात काय झालं आठवा. रॅगिंगविरोधी हेल्पलाइनवर तक्रार आली, पण नाव नाही. पहिल्या वर्षाची मुलं बोलायला तयार नाहीत. संयोगितागंज पोलिसांनी ‘तक्रारदार मिळत नाही’ असा शेरा मारून फाइल मिटली नाही. साध्या वेशातले पोलीस कँटीनमध्ये जाऊन बसू लागले, एक तरुण महिला आरक्षक विद्यार्थिनी बनून मुलामुलींत मिसळली आणि कोण काय करतं हे गप्पांमधून काढलं. ११ सीनियर ओळखले गेले. त्यात दांडका कुठेच नव्हता.

माझी तरीही एक कुरकुर आहे. ते ११ निघाले, पण पुढच्या वर्षी नवे सीनियर असतातच. यूजीसीचे २००९ चे नियम सांगतात की नव्या मुलांना शक्यतो वेगळ्या ब्लॉकमध्ये ठेवा, अचानक तपासणी करा, प्रकरण गुन्ह्याचं असेल तर संस्थेने २४ तासांत एफआयआर करावा. नवं सत्र सुरू व्हायच्या आधी थान्यातून कोणीतरी जाऊन ‘दाखवा, ब्लॉक वेगळा केलात का’ एवढं विचारलं, तर महिनोन्‌महिने वेशांतराची गरजही कमी पडेल. कॉलेजं नाव खराब होईल म्हणून गप्प बसतात. त्यांना बोलतं करणं हे पोलिसांना जमण्यासारखं आहे.

आता ‘बाहेरची पोरं’. काका, हे वाचून राग आला, सरळच सांगते. इंदुरातले आपण मराठी लोक इथे कुठून आलो? होळकरांच्या दरबारात कारकुनी करायला आलेले आपले पणजोबाही बाहेरचेच होते. आणि आठला कुलूप लावलंत तर बॅच नऊला सुटलेली मुलगी कुठे जाईल? कुलुपाची घाई आहे म्हणूनच तर ती अंधाऱ्या गल्लीतून धावते.

सरसकट कुलपाचा प्रयोग आपण शहरभर करून बघितलाय. सप्टेंबर २०२२ मध्ये निरंजनपूर ते राजीव गांधी चौराहा बीआरटीएसच्या (बससाठी राखीव मार्गाच्या) कडेची दुकानं रात्रभर उघडी ठेवायला परवानगी मिळाली. दारू, भांडणं, व्हिडिओ यांची ओरड झाली आणि जुलै २०२४ मध्ये परवानगीच काढून घेतली. भांडणं दारूच्या अड्ड्यांजवळ होत होती की पोह्याच्या गाडीजवळ, बारा वाजता की तीन वाजता, हे बघून तेवढ्याच जागा आवळता आल्या असत्या. त्याऐवजी नाइट शिफ्ट सुटलेल्या आयटीतल्या मुलाचा चहाही गेला. शहर स्वच्छ करताना आपण असं केलं नव्हतं. ओसंडणाऱ्या कचरापेट्या हलवल्या, दारात गाडी आणली आणि २०१७ पासून पहिला नंबर घेतला. तेव्हाही ‘इंदूरमध्ये हे चालणार नाही’ म्हणणारे होतेच.

एका बाबतीत मात्र तुमच्या सुरातली भीती मलाही वाटते, जरा उलट्या बाजूने. ‘जागा सुधारा’ म्हटलं की काही उत्साही मंडळी बागेतल्या जोडप्यांच्या मागे लागतात, भाडेकरूंच्या पडताळणीच्या नावाखाली विशिष्ट आडनावाच्या मुलांना खोली नाकारतात. ते मला नको आहे. बाकावर बसलेल्या दोघांनी कोणाचा फोन हिसकावलेला नसतो.

तुमच्याकडे सहा मुली आहेत, म्हणजे सहा जणींची माहिती आहे: कोण किती वाजता येते, कुठल्या वळणावर भीती वाटते, कोणाचा फोन ‘हरवला’. ती मुलींची नावं न घालता कागदावर उतरवा आणि रहवासी संघातर्फे बीटच्या आरक्षकाला द्या. दाद लागली नाही तर मंगळवारच्या जनसुनवाईत (लोकांच्या तक्रारी ऐकायच्या सरकारी बैठकीत). आणि शेवटची बॅच नऊला सुटत असेल तर तुमचं फाटक साडेदहापर्यंत उघडं ठेवा, वर एक बल्ब लावा. त्याला कोणाची परवानगी लागत नाही.