पुराचा निरोप कुणी कुणाला द्यायचा, हे मे महिन्यातच ठरवा

कोकणातला पूर दोन दिवस आधी सांगून येत नाही. आपल्या बहुतेक नद्या सह्याद्रीच्या कड्यावरून निघतात आणि शंभर किलोमीटरच्या आत खाडीला मिळतात. घाटमाथ्यावर मध्यरात्री कोसळलेलं पाणी उजाडेपर्यंत खालच्या मळ्यात आणि बाजारपेठेत उभं असतं. २२ जुलै २०२१ला चिपळूणला आणि महाडला हेच झालं. वाशिष्ठी, शिव, सावित्री, गांधारी एकदम फुगल्या, पौर्णिमा जवळ आल्याने उधाणाची भरती होती, वीज गेली आणि मोबाईलही मुके झाले. पुण्याहून निघालेली एनडीआरएफची तुकडी घाट उतरून, तुंबलेले रस्ते ओलांडून पोचेपर्यंत जे तास जातात, त्या तासांत हाकेच्या अंतरावर फक्त शेजारी असतो.

म्हणून प्रत्येक वाडीने पावसाआधी एक गोष्ट पक्की करावी असं माझं ठाम मत आहे. निरोप घेऊन कुणी कुणाच्या दारात जायचं, आणि तो पोचल्याचं उलट कुणाला कळवायचं. होड्या हव्यात, लाइफ जॅकेट हवीत, शाळेच्या खोल्या उघड्या हव्यात, पण घर वेळेवर सोडलं तरच त्यांचा उपयोग.

रेड अलर्ट पुरेसा नाही का? २४ तासांत २०४.५ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त पाऊस अपेक्षित असला की तो येतो, पण अख्ख्या जिल्ह्यासाठी येतो. आपल्या पऱ्याचं, म्हणजे ओढ्याचं, पाणी कुठल्या अंगणात शिरणार हे त्यात नसतं. जुलैत असे इशारे इतके येतात की माणूस वाचतो आणि कूस बदलून झोपतो. शेजाऱ्याने दारात उभं राहून "काकी, उठा, आम्हीपण निघालोय" म्हटलं की तोच माणूस चपला शोधायला लागतो. 'आम्हीपण निघालोय' हे शब्द महत्त्वाचे आहेत. नुसतं "तुम्ही निघा" म्हटलं तर म्हातारी माणसं "बघू, पाणी ओटीवर आलं की" म्हणतात. पाणी ओटीला लागतं तोवर खालची पाणंद कमरेएवढी भरलेली असते. वाहतं पाणी घोट्याच्या वर, म्हणजे अर्धा फूट असलं तरी उभ्या माणसाचा पाय सुटू शकतो.

सुरुवात वरच्या गावापासून करा. खाली पाऊस थांबलेला, ऊनसुद्धा पडलेलं, आणि नदी चढत राहते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय, कारण पाऊस घाटावर पडतोय. म्हणून नदीच्या वरच्या अंगाला असलेल्या दोन गावांतली दोन-दोन घरं ठरवून ठेवा. हे अवघड नाही. प्रत्येक वाडीतली एखादी मुलगी वरच्या गावात दिलेली असते, कुणाची मावशी तिकडे असते. त्या घराने फक्त एवढंच कळवायचं की साकवाला, म्हणजे ओढ्यावरच्या छोट्या पुलाला, पाणी लागलं का आणि किती वाजता. दोन-तीन पावसांत तिकडचं पाणी आपल्याकडे यायला किती वेळ लागतो ते लिहून ठेवलं की तुमच्या वाडीचा स्वतःचा अंदाज तयार होतो. वर धरण किंवा वीजघर असेल तर विसर्गाचा निरोपही याच साखळीत घ्या. कोयनेचं वीजनिर्मितीनंतरचं पाणी वाशिष्ठीत येतं, हे चिपळूणकरांना वेगळं सांगायला नको. २ जुलै २०१९च्या रात्री तिवरे धरण फुटलं तेव्हा खालच्या वाडीला पळायलाही उसंत मिळाली नाही. धरणाच्या बांधातून पाणी पाझरताना दिसलं की त्याच दिवशी १०७७ वर, जिल्हा नियंत्रण कक्षाला कळवा आणि खालच्या वाडीलाही सांगा.

दुसरी गोष्ट खुणेची. पुलाच्या खांबावर किंवा काठावरच्या पक्क्या भिंतीवर दर अर्ध्या फुटाला ऑइलपेंटचा पट्टा मारा, वर रेडियमची पट्टी चिकटवा, म्हणजे काठावरूनच बॅटरीच्या उजेडात वाचता येईल. साकवावर उभं राहून कुणी पाणी बघायचं नाही. २ ऑगस्ट २०१६च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा जुना पूल एसटीच्या दोन गाड्यांसकट गेला. पुराच्या पाण्यात कुठल्याही जुन्या बांधकामावर विश्वास ठेवू नये. दर पंधरा मिनिटांनी पट्टा बघा. लागोपाठ दोनदा अर्धा अर्धा फूट चढलं, तर तासाला दोन फुटांचा वेग झाला. अशा वेळी खालची घरं उठवायची, धोक्याच्या खुणेची वाट बघायची नाही. आणि संध्याकाळी शंका आली तर अंधाराआधी निघायचं. रात्री दोनला निघण्यापेक्षा सहाला निघून फुकट जागरण झालेलं बरं.

खाडीकाठच्या गावांनी भरतीही धरावी. तिथीला पाऊणने गुणलं की पूर्ण भरतीची साधारण वेळ मिळते: चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. पौर्णिमेनंतर पुन्हा प्रतिपदेपासून मोजायचं. खाडीत आत जावं तशी ही वेळ पुढे सरकते. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास भरती रात्री बारा-एकला येते. तेव्हाच वरून पूर आला तर पाण्याला बाहेर पडायला जागाच नसते. पंचांग प्रत्येक घरात आहे, ते याही कामाला वापरा.

आता दार ठोठावण्याबद्दल. चाळीस घरांच्या वाडीला चार जोड्या लागतात, प्रत्येकीला दहा घरं. एकट्याने जायचं नाही. दर घरी तीन मिनिटं धरली तर अर्ध्या तासात वाडी जागी होते. सर्वांत खालच्या घरापासून सुरुवात करायची, आपल्या घराजवळच्यापासून नाही. पत्र्यावर पाऊस कोसळत असताना पुढच्या दाराची कडी आत ऐकू येत नाही, म्हणून माणूस झोपतो त्या खोलीची खिडकी कुठली हे जोडीला माहीत हवं. घर रिकामं झालं की बेड्याला, म्हणजे अंगणाच्या फाटकाला, पांढरा फडका बांधायचा. फडका दिसला की दुसरी जोडी तिथे वेळ घालवत नाही. मग शाळेत किंवा देवळात एकाने वहीवर नावं लिहायची. 'पाच आले' असा आकडा चालत नाही, नावंच हवीत. पाहुणा आलेला असतो, कुणी कामानिमित्त बाहेर असतो, आणि नुसत्या आकड्यामुळे नसलेल्या माणसाला शोधायला कुणीतरी पाण्यात उतरतं.

यादीत हमखास राहतात ती माणसं: नदीकाठी झोपडी असलेली कातकरी कुटुंबं, आंब्याच्या बागेत राहिलेला नेपाळी राखणदार, रस्त्याच्या कामावरचे मजूर. ती आपल्या ग्रुपवर नसतात आणि सगळ्यात खाली मात्र तीच राहतात. त्यांची घरं पहिल्या जोडीकडे द्या. अंथरुणाला खिळलेल्या माणसाला जांभ्याच्या ओल्या पायऱ्यांवरून न्यायला खुर्ची, चार माणसं आणि बदलीला दोन लागतात, म्हणून ती सहा नावं आधीच ठरवा.

आवाजासाठी ढोलावर भिस्त ठेवू नका. शिमग्यात दणाणणारा ढोल आषाढात सैल पडतो, कातडं ओलं होतं. देवळाची घंटा, पितळी थाळी, शिट्टी आणि हाताने फिरवायचा भोंगा ओल्यातही वाजतात. मोहल्ल्यात मशिदीचा भोंगा असतो, पण वीज जाते तेव्हा त्याला बॅटरी आहे का ते आत्ताच विचारून ठेवा.

व्हॉट्सॲप वापरा, पण पुरासाठी वेगळा ग्रुप करा आणि त्यात तीन-चार जणांनीच लिहायचं. दरवर्षी २०२१चे व्हिडिओ आजचे म्हणून फिरतात आणि खरा निरोप त्यात बुडतो. निरोप असा हवा: 'पहाटे ३.२०. साकवाचा तिसरा पट्टा बुडाला. पाणी चढतंय. खालची आळी आत्ता शाळेत.' वेळ नसलेला निरोप पुढे पाठवायचा नाही. मुंबईकरांना विनंती आहे की शंभर जणांनी फोन लावून लाइन अडवू नका. वाडीच्या एका माणसाशी मुंबईतल्या गावकरी मंडळाच्या एकाने बोलावं. घर सोडायला तयार नसलेल्या आईला मात्र तुमचा एक फोन लाख मोलाचा असतो. सरपंचाचं ऐकणार नाही ती लेकाचं ऐकते. आणि उंचावरचं तुमचं बंद घर असेल तर त्याची एक किल्ली शेजाऱ्याकडे ठेवा. वीस माणसं रात्र काढू शकतील अशी घरं आपल्याकडे कुलपात पडून असतात.

कुठे जायचं हे डोंगर बघून ठरवा. २००५च्या २६ जुलैला महाड तालुक्यात दासगाव, जुई, कोंडिवते, रोहन इथे आणि २०२१ला तळियेत दरडीने माणसं गेली. पुरापासून पळून डोंगराच्या कुशीतल्या शाळेत गेलात तर एका संकटातून दुसऱ्यात. मागच्या उतारावर भेग पडलेली, झाडं कललेली, नव्या जागी गढूळ झरा फुटलेला किंवा पऱ्याचं पाणी अचानक आटलेलं दिसलं तर ती जागा बाद. सड्यावरची, म्हणजे उंच सपाट माळावरची, कातळावरची जागा बघा, पण मागे कडा नको.

निघताना मेन स्विच बंद करा, सिलेंडरचा रेग्युलेटर काढा, गोठ्यातल्या गुरांची दावी सोडा. दावं सोडायला म्हणून माणसं परत फिरतात आणि तिथेच अडकतात, म्हणून हे काम पहिल्याच फेरीत उरका.

परतण्याचंही तेच. ओहोटीला पाणी उतरलं की माणसं चिखल काढायला धावतात, आणि साडेबारा तासांच्या आत पुन्हा भरती येते. ज्या जोडीने उठवलं त्याच जोडीने वरच्या गावाला विचारून, पट्टा बघून "आता चला घरी" म्हणावं. तोवर वही लिहिणाऱ्याने कुणाला दाराबाहेर सोडू नये.