निनावी कंपूंतल्या "गंमती"बद्दल, न्यूझीलंडमधून

न्यूझीलंडला राहायला आल्यापासून भारतातले ऑनलाइन वाद वाचताना एक गोष्ट सारखी खटकते. घाणेरड्या पोस्टवरून भांडण पेटलं की आपल्याकडे दोनच बाजू, एक म्हणते भावना दुखावल्या गुन्हा दाखल करा, दुसरी म्हणते अभिव्यक्ती स्वातंत्र्य. पण ज्या निनावी ऑनलाइन कंपूत बसून ती पोस्ट टाकली जाते त्या कंपूला ती कशी दिसते, हे कुणी विचारतच नाही.

तिथे सगळे निनावी, मग आपला कोण हे ओळखायचं कसं? किळसवाणं वाचून जो हसतो तो आपला, जो बिचकतो तो बाहेरचा. त्यातल्या बऱ्याच पोरांना मनापासून वाटतं की आपण कुणाचा द्वेष करत नाही, नुसती मजा चाललीये, आणि मला ते खोटं वाटत नाही. पण कालची मजा आज पुरत नाही, रोज आणखी पुढे जावं लागतं, आणि त्या गर्दीत एखाद्याची मजा कधीच संपलीये हे शेजारच्यालाही कळत नाही.

१५ मार्च २०१९ ला क्राइस्टचर्चच्या दोन मशिदींवर हल्ला झाला, ५१ माणसं गेली. मारेकऱ्याने आधी एटचॅन (8chan) या निनावी पोस्ट टाकायच्या साइटवर तिथल्याच थट्टेच्या सुरात सांगून फेसबुक लाइव्हची लिंक दिली होती, आणि खाली शाबासकी देणारे होते. पहिल्या २४ तासांत फेसबुकला त्या व्हिडिओच्या १५ लाख कॉप्या काढाव्या लागल्या. इथे तो व्हिडिओ जवळ ठेवणंही गुन्हा ठरलं, पसरवणाऱ्या एकाला २१ महिन्यांची कैद झाली. एटचॅन सुरू करणारा फ्रेडरिक ब्रेनन त्याच वर्षी म्हणाला, बंद करा ते.

आपल्याकडे २०१२ मधे पालघरच्या दोन मुलींना बाळासाहेब ठाकरेंच्या निधनानंतरच्या बंदबद्दलच्या एका साध्या फेसबुक पोस्टवरून अटक झाली, एकीने तर फक्त लाइक केलं होतं. त्यांच्यावर लावलेलं आयटी कायद्याचं कलम ६६अ सुप्रीम कोर्टाने २०१५ मधे रद्द केलं ते बरंच झालं. भावना दुखावल्या हे मोजमाप मला मान्यच नाही, कारण या कंपूंना हवं असतं ते नेमकं तेच, समोरचा चिडला की ते जिंकले. बघायचं ते एवढंच, की कुणी खरं माणूस निशाण्यावर आहे का. असेल तर लगेच कारवाई, नसेल तर पोलिसांनी त्यात पडूच नये.

आणि इथेच आपण उलटं वागतो. जुलै २०२१ मधे सुल्ली डील्स नावाच्या ॲपवर मुस्लिम बायकांचे फोटो टाकून त्यांचा "लिलाव" मांडला, त्यात पत्रकार होत्या, कार्यकर्त्या होत्या. पहिली अटक जानेवारी २०२२ मधे झाली, तीसुद्धा बुल्ली बाई नावाने तोच प्रकार परत झाल्यावर. पकडलेल्यांत अगदी विशीच्या आसपासची पोरं होती, आणि मधले सहा महिने कुणालाच अटक झाली नाही याचा अर्थ त्यांनी, चालतंय, असाच लावला असणार.