हाफ-डुप्लेक्सचं काय?

हॅकआरएफ वन या सॉफ्टवेअरवर चालणाऱ्या रेडिओ बोर्डावरच्या लेखातलं 'हॅकआरएफ वन असलं की ६ गिगाहर्ट्झपर्यंतचा कुठलाही वायरलेस प्रोटोटाइप होतो' हे वाक्य खटकलं. फ्रिक्वेन्सीची रेंज खरी, पण ते हाफ-डुप्लेक्स आहे: एका वेळी एकतर ऐका, नाहीतर बोला. पाठवता पाठवता उत्तरही ऐकायचं असेल तर दोन बोर्ड लागतात, किंवा सरळ प्लूटो हा दुसरा असाच बोर्ड घ्यावा, तो दोन्ही एकदम करतो.

आणि इनपुटला सोसेल अशा सिग्नलची कमाल मर्यादा उणे ५ डीबीएम (सिग्नलच्या ताकदीचं एकक), हे लेखात कुठेच नाही! मी अँटेनाशेजारीच वॉकीटॉकीचं बटण दाबलं (हौस, दुसरं काय). तेव्हापासून आतला अँप्लिफायर चालू केला की सिग्नल वाढायच्या ऐवजी पडायचा. अँप्लिफायरची ती चिप बदलावी लागली; तांदळाच्या दाण्याएवढी चिप, भिंगाखाली डाग देताना घाम फुटला. आता अ‍ॅटेन्युएटर (सिग्नल कमी करणारा जोड) लावल्याशिवाय केबल जोडत नाही.