त्रिंशांशाच्या नावाने पसरवलेली भीती

सध्या एक दावा सगळीकडे फिरतो आहे. खरे दुःख म्हणे जन्मकुंडलीत दिसतच नाही, ते त्रिंशांशात, म्हणजे राशीचे भाग पाडून जन्मकुंडलीवरून काढलेल्या डी-30 या उपकुंडलीत (अशा उपकुंडलीला ‘वर्ग’ म्हणतात) दिसते. तिथे सहाव्या, आठव्या किंवा बाराव्या स्थानी पापग्रह (रवी, मंगळ, शनी, राहू, केतू) असला की त्याच्या दशेत, म्हणजे त्याच्या अमलाच्या काळात, मोठे संकट अटळ. ती स्थाने रिकामी असली तर निर्धास्त राहा. आणि राहू-केतू एकत्र असले तर पूर्वजन्मीचा शाप. आधीच आजाराने किंवा कर्जाने पिचलेली माणसे असे मजकूर वाचतात, म्हणून उत्तर द्यायला हवे.

राहू-केतूंपासून सुरुवात करतो, कारण इथे चूक उघडी पडते. पाराशरी पद्धतीत विषम राशीचे पहिले 5 अंश मंगळाचे, पुढचे 5 शनीचे, 8 गुरूचे, 7 बुधाचे आणि शेवटचे 5 शुक्राचे. सम राशीत हाच क्रम उलटा. ग्रह ज्याच्या भागात असेल, त्याच्या राशीत या वर्गात मांडतात; मूळ रास विषम असेल तर त्याच्या विषम राशीत, सम असेल तर सम राशीत. राहू आणि केतू कायम समोरासमोरच्या राशींत, त्याच अंशावर असतात. आणि अशा दोन्ही राशी एकतर विषम असतात किंवा सम. म्हणजे या वर्गात ते प्रत्येकाच्याच कुंडलीत एकत्र येतात. दावा करणाऱ्याच्याही!

आता रिकामी स्थाने. या वाटणीत रवी-चंद्रांना वाटाच नाही, त्यामुळे त्यांच्या कर्क आणि सिंह राशीत इथे एकही ग्रह पडत नाही. त्रिंशांश लग्न, म्हणजे या वर्गातले पहिले स्थान, धनू असेल तर आठवे स्थान कर्क, मकर असेल तर सिंह. ते रिकामेच राहणार. कुंभ आणि मीन लग्नाला सहाव्याचे तेच. यात निर्धास्त होण्यासारखे काय आहे? उलट रवी, मंगळ, शनी आणि राहू-केतूंची जोडी यांपैकी काहीतरी या तीन स्थानांत सापडणे ढोबळ हिशेबाने तीनांतल्या दोघांच्या वाट्याला येते. एवढ्यांचे संकट अटळ म्हणायचे? (कुणी ‘त्रिंशांशात मंगळ नीचीचा’, म्हणजे सर्वांत दुबळ्या राशीत, म्हणाले, तर गणित विचारा. मंगळाची नीच रास कर्क, आणि तिथे इथे कुणी पडतच नाही. काही सॉफ्टवेअर एकेका अंशाचे समान भाग पाडतात, पण ती वेगळी पद्धत.) प्राचीन ज्योतिषी वराहमिहिराने आपल्या बृहज्जातक ग्रंथातल्या स्त्रीजातक या अध्यायात त्रिंशांश वापरला तो त्या भागाच्या स्वामी ग्रहावरून. तिथली फळे आज वाचवत नाहीत, पण त्याने तिथे त्रिंशांशाची बारा स्थाने मांडली नाहीत, हे महत्त्वाचे.

पराशरांच्या नावावरच्या ग्रंथात अरिष्टासाठी, म्हणजे संकटे पाहण्यासाठी, त्रिंशांश सांगितला आहे, हे खरे. पण त्याच ग्रंथातल्या विंशोपक बलात, म्हणजे वर्गांना 20 पैकी गुण वाटून ग्रहाचे बळ मोजण्याच्या पद्धतीत, षड्वर्गाच्या (सहा वर्गांच्या) 20 गुणांपैकी राशीकुंडलीला 6, नवांशाला 5 आणि त्रिंशांशाला 1. षोडशवर्गातही (सोळा वर्गांतही) 1च. एका गुणाच्या वर्गाने बाकीचे सगळे रद्द होते, हे कुठून आले?

‘मग षष्ट्यंश (राशीचे 60 भाग पाडणारा वर्ग) बघा’ असे लगेच सांगितले जाते. त्याला षोडशवर्गात 4 गुण आहेत, मान्य. पण षष्ट्यंश अर्ध्या अंशाचा. लग्न सरासरी 4 मिनिटांत एक अंश सरकते, म्हणजे जन्मवेळ 2 मिनिटांनी चुकली की षष्ट्यंश लग्न बदलले. शिवाय राशिचक्राची सुरुवात कुठून धरायची, याबद्दल चित्रापक्ष आणि रैवतपक्ष असे दोन पंचांगपक्ष आहेत, आणि त्यांच्या अयनांशांत (त्या सुरुवातीच्या फरकाच्या आकड्यांत) सुमारे 4 अंशांचे अंतर आहे. तेवढ्याने प्रत्येक ग्रह जवळपास 8 षष्ट्यंश सरकतो. मग नेमका कुठला षष्ट्यंश वाचायचा?

राहिला ‘अटळ’ हा शब्द. 2008 मध्ये जयंत नारळीकर आणि सहकाऱ्यांनी एक चाचणी घेतली. हुशार मुलांच्या आणि बौद्धिक अपंगत्व असलेल्या मुलांच्या कुंडल्या न सांगता मिसळून ज्योतिषांना दिल्या आणि त्या वेगळ्या करायला सांगितले. 27 ज्योतिषांनी उत्तरे पाठवली. बरोबर आली 46 टक्के. अंदाजाने टाकलेली उत्तरेही निम्मी बरोबर येतात. जन्मापासूनचे एवढे मोठे अपंगत्व कुंडलीत ओळखता आले नाही, तर पुढच्या दशेतले संकट ‘अटळ’ म्हणून सांगण्याचा अधिकार कुणालाच नाही.