‘बाहेरून केलेल्या डिग्रीला कोण विचारतं?’ याचं उत्तर

गेल्या महिन्यात एकच मेसेज मला तीन ग्रुपांवर आला. थोडक्यात असा: बाहेरून केलेल्या डिग्रीला किंमत नसते, कुठेच प्रवेश न मिळालेले लोक तिकडे वळतात, आणि आता सगळं मोबाइलवर फुकट मिळतं, तेव्हा विद्यापीठांनी हा पसारा आवरून रेग्युलर मुलांकडे लक्ष द्यावं. मी बरीच वर्षं एका अभ्यासकेंद्रावर रविवारच्या संपर्क सत्रांत अर्थशास्त्र शिकवतो. माझ्या विद्यार्थ्यांच्या फोनवरही हा मेसेज गेला असणार, म्हणून लिहितोय.

आधी किमतीचं बघू. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२० च्या नियमांप्रमाणे मान्यताप्राप्त संस्थेची दूरस्थ किंवा ऑनलाइन पदवी नेहमीच्या पदवीच्या बरोबरीची धरली जाते. सप्टेंबर २०२२ मध्ये आयोगाने हे पुन्हा स्पष्ट केलं. त्याच वर्षी एका वेळी दोन पदव्या करायलाही परवानगी मिळाली, एक कॉलेजात जाऊन आणि दुसरी दूरस्थ. फक्त फॉर्म भरण्याआधी आयोगाच्या संकेतस्थळावर बघून घ्या, संस्थेला आणि त्या अभ्यासक्रमाला त्या वर्षाची मान्यता आहे ना. इंजिनीअरिंग किंवा डॉक्टरकी कोणी दूरस्थ पद्धतीने देतो म्हणाला, तर तिथे पैसे भरू नका.

‘प्रवेश न मिळालेले लोक’ हे वाक्य मला सगळ्यात जास्त लागलं. माझ्या वर्गात एमआयडीसीतला एक कामगार होता. रात्रपाळी सातला सुटली की तो कंपनीच्या बसने थेट केंद्रावर यायचा, नळावर तोंड धुवून डबा बाकाखाली ठेवायचा आणि पहिल्या रांगेत बसायचा. मागे बसलं की झोप लागते, म्हणायचा. एकदा मागणीची लवचिकता, म्हणजे किंमत बदलली की मागणी किती बदलते, हे शिकवत होतो. पुस्तकातलं उदाहरण कोणाच्याच पचनी पडेना. तो उठून म्हणाला, ‘‘सर, आमच्या कँटीनला चहा दोन रुपयांनी वाढला, कोणी सोडला नाही. वडा दोन रुपयांनी वाढला, तर अर्धी माणसं घरून डबा आणायला लागली.’’ त्यानंतर ती व्याख्या मला पुन्हा सांगावी लागली नाही. या माणसाला बारावीनंतर घरची जबाबदारी घ्यावी लागली, एवढंच. कॉलेजने त्याला नाकारलं नव्हतं. कॉलेजची वेळ त्याच्या कामाच्या वेळेत होती.

आणि ही अडचण आपल्याकडे आधी ओळखली गेलेली आहे. बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज सुरू केलं, तेव्हा दिवसा नोकरी करणाऱ्या मुलांना शिकता यावं म्हणून वर्ग सकाळी ठेवले. मुंबई विद्यापीठाने १९७१ मध्ये पत्रद्वारा शिक्षण सुरू केलं. १९८९ मध्ये नाशिकला यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ उभं राहिलं, राम ताकवले तिथले पहिले कुलगुरू, आणि ब्रीद ‘ज्ञानगंगा घरोघरी’. प्रत्येक वेळी विद्यापीठ चालवणाऱ्या माणसांनी शिकणाऱ्याच्या दिवसाकडे बघून निर्णय घेतला.

मोबाइलवर फुकट मिळतं, हे खरं आहे. ‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या ऑनलाइन अभ्यासक्रमांच्या संकेतस्थळावर २०१७ पासून चांगल्या प्राध्यापकांची व्याख्यानं आहेत, मी स्वतः विद्यार्थ्यांना ती बघायला सांगतो. पण व्याख्यान ऐकलं म्हणजे ते गुणपत्रिकेवर येत नाही. एका सत्रातले ४० टक्क्यांपर्यंत अभ्यासक्रम ‘स्वयम्’वरून करायची मुभा नियमात आहे. त्यातून मिळालेले श्रेयांक (क्रेडिट) आपल्याकडे कोणत्या विषयासाठी धरायचे, हे मात्र विद्यापीठाला ठरवावं लागतं. विद्यार्थ्याचे श्रेयांक जिथे ऑनलाइन जमा होतात त्या श्रेयांक बँकेत ते साधारण सात वर्षं टिकतात, म्हणजे बाळंतपणासाठी किंवा बदलीमुळे शिक्षण सोडलेल्या बाईला परत येता येतं. ती सोय कागदावर आहे. तिला ती समजावून सांगणारा माणूस केंद्राच्या खिडकीत संध्याकाळी सहानंतर बसतो का, हा प्रश्न कुलगुरूंना विचारायला हवा.

मेसेजमधली एक गोष्ट मी मान्य करतो. झेरॉक्सच्या दुकानात तयार स्वाध्याय विकत मिळतात, आणि मुलं ते उतरवून देतात. मलाही असे गठ्ठे तपासावे लागलेत. पण स्वाध्याय नुसता आकडा टाकून परत येत असेल, तर तो कोणी वाचत नाही असं विद्यार्थ्याने का धरू नये? एका वर्षी मी प्रत्येकाच्या वहीत दोन ओळी लिहायच्या ठरवल्या, कुठे चुकलं आणि पुढे काय वाचायचं. दुसऱ्या स्वाध्यायात उतरवलेली उत्तरं निम्म्यावर आली. एका अंगणवाडी सेविकेने तर माझ्या शेऱ्याखाली उलट प्रश्न लिहून वही परत दिली. हे काम वेळखाऊ आहे, त्याचं मानधन विद्यापीठाने धरायला हवं. नवीन ॲपवर पैसे घालण्याआधी हा खर्च करा, असं माझं स्पष्ट मत आहे.

दुसरी मागणी परीक्षेच्या वेळापत्रकाची. कंपनीत रजेचा अर्ज आधी द्यावा लागतो आणि पाळी दर आठवड्याला बदलते. पेपरची तारीख ऐनवेळी पुढे सरकली की मिळालेली रजा वाया जाते, दुसरी मिळत नाही. माझा तो कामगार विद्यार्थी शेवटच्या वर्षी याच कारणाने एका पेपरला बसू शकला नाही. सहा महिन्यांनी त्याने तो दिला, रात्रपाळी करून, सकाळी दहाला.