शून्य की एक, हे आधीच ठरवू नये

रिसीव्हर आधी प्रत्येक बिट शून्य की एक हे ठरवतो आणि मग चुका दुरुस्त करतो, असे रेडिओ संदेशांतील चुकांच्या दुरुस्तीवरील तुमच्या लेखात म्हटले आहे. क्षीण संदेशांच्या बाबतीत हे वर्णन अपुरे पडते, कारण निर्णय आधीच घेतला की तो किती खात्रीचा होता ही मोलाची माहिती तिथेच टाकून दिली जाते. समजा, ‘एक’साठी अधिक १ आणि ‘शून्य’साठी उणे १ अशी पातळी धरून एकच बिट तीनदा पाठवला आणि हाती ०.१, ०.२ व उणे ०.९ आले, तर बहुमत ‘एक’ म्हणेल, पण बेरीज उणे ०.६ येते, म्हणजे ‘शून्य’ असण्याचीच शक्यता जास्त. अभियंते अँड्र्यू व्हिटर्बी यांच्या १९६७ च्या चूक-दुरुस्तीच्या पद्धतीत अशी मूल्ये थेट वापरता येतात आणि आधीच निर्णय घेण्याच्या तुलनेत सुमारे २ डेसिबलचा फायदा मिळतो, म्हणजे तितका अधिक क्षीण संदेशही वाचता येतो. त्यासाठी प्रत्येक मूल्य आठच पातळ्यांत मोजले तरी पुरते, हे मला फार सुंदर वाटते.

कोल्हापुरात रंकाळ्याजवळच्या घरी मी रात्री एफटी८ (हौशी रेडिओवर क्षीण संदेश पाठवण्याची एक डिजिटल पद्धत) ऐकतो. गल्लीत पाण्याची मोटर सुरू झाली की संगणकाच्या पडद्यावरची संदेशाची फिकट रेघ जवळजवळ पुसली जाते, तरी पंधरा सेकंदांचा फेरा संपताना दूरच्या केंद्राचे कॉल साइन, म्हणजे त्याचे ओळखचिन्ह, पुष्कळदा उमटते. एफटी८मध्ये ९१ बिटांना, त्यांच्यापासूनच ठरावीक समीकरणांनी काढलेल्या ८३ तपासणी बिटांची जोड असते आणि डिकोडर (संदेश उलगडणारा प्रोग्रॅम) प्रत्येक बिटाची खात्री त्या समीकरणांशी पुनःपुन्हा ताडून वाढवत नेतो. लेखात याची भर घालावी, ही विनंती.