वळणावर ग्रिप सुटण्याआधीच बरंच काही घडून गेलेलं असतं

वळणावर बाईक स्लिप झाली की पहिला दोष टायरला आणि दुसरा रस्त्याला. पडलेल्या माणसाला प्रश्न विचारणं बरं दिसत नाही, म्हणून चालवण्याचा विषयच निघत नाही. मला हे धोक्याचं वाटतं. त्याची काळजी घ्याच, पण तो बरा झाला की शांतपणे विचारा, वळणात शिरताना स्पीड किती होता आणि ब्रेक कुठे दाबलास? नाहीतर तो नवे टायर टाकणार आणि पुढच्या वळणात पुन्हा तसाच शिरणार.

टायरचा जो भाग रस्त्याला टेकतो तो जेमतेम तळहाताएवढा असतो. ब्रेक लावणं, वेग वाढवणं आणि वळणं, सगळं तेवढ्याच रबरावर चालतं. वळतानाच 90 टक्के ग्रिप वापरली गेली, तर ब्रेकसाठी किती उरते? 10 टक्के नाही, साधारण 44 टक्के, कारण हे दोन जोर एकमेकांशी काटकोनात असतात. म्हणजे वळणात ब्रेक लावलाच तर पडणार, हे खरं नाही. हळूहळू दाब वाढवला तर बाईक सांभाळून घेते. घाबरून लिव्हर एकदम आवळला, तर वजन पुढच्या टायरवर नीट यायच्या आतच चाक लॉक होतं आणि बाईक आतल्या बाजूला खाली जाते. पुढचं चाक असं सुटलं की सावरायला वेळच मिळत नाही.

मागचं चाक सरकलं तर गोष्ट वेगळी. तिथे घात होतो तो अॅक्सिलरेटर झटकन सोडण्याने. आडवं सरकणारं चाक एकदम रस्ता पकडतं, बाईक उसळते आणि माणूस तिच्यावरून पलीकडे फेकला जातो. हायसाइड म्हणतात तो हाच. नुसतं घसरत खाली जाण्यापेक्षा हे पडणं बहुतेक वेळा जास्त वाईट असतं.

आता स्पीडचं बघा. 20 मीटर त्रिज्येचं वळण ताशी 36 किलोमीटरने घेतलं तर बाईक साधारण 27 अंश झुकवावी लागते. तेच वळण 54 ने घ्यायचं तर जवळपास 49 अंश. वेग दीडपट झाला, पण टायरवरचा आडवा जोर सव्वादोन पट. कोरड्या, स्वच्छ डांबरावरही साध्या टायरला हे झेपेल याची खात्री नाही. ‘थोडंच फास्ट होतो रे’ हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. वळणात थोडं फास्ट ही गोष्ट थोडी नसते.

अमेरिकेतले संशोधक हॅरी हर्ट यांच्या गटाने लॉस एंजेलिस भागातल्या 900 मोटरसायकल अपघातांची जागेवर जाऊन तपासणी केली होती. 1981 साली त्याचा अहवाल आला. ज्या अपघातांत दुसरं वाहनच नव्हतं, त्यांतल्या सुमारे दोन तृतीयांश ठिकाणी चूक चालवणाऱ्याची निघाली. ब्रेक जास्त दाबून घसरणं किंवा जास्त वेगामुळे वळणाबाहेर जाणं, हीच नेहमीची कारणं. आणि बाहेर जाणाऱ्या बाईकची ग्रिप प्रत्येक वेळी संपलेली असतेच असं नाही. पुष्कळदा टायर अजून झुकायला तयार असतो, माणूस तयार नसतो. तो समोरच्या कठड्याकडे बघत राहतो, बाईक सरळ करतो आणि नजर असते तिकडेच जातो.

म्हणून रस्ता निर्दोष ठरतो का? अजिबात नाही. वळणावर खडी सांडून तशीच टाकून जाणाऱ्यांचा मला मनापासून राग आहे. चारचाकीवाल्याला ती कळतही नाही, दुचाकीवाला त्यावर आडवा होतो. सांडलेलं डिझेल, ओले पांढरे पट्टे, लोखंडी झाकणं, पहिल्या पावसात वर आलेला तेलकट थर, सगळं खरं आहे. पण वळणापलीकडचं दिसत नसताना तिथे काहीतरी पडलेलं असेल असं धरूनच शिरायला हवं. ब्रेकिंग आणि गिअर कमी करणं बाईक सरळ असतानाच उरका, वळणात एक्झिटकडे बघा.

बाईक पुरती न झुकवल्याने टायरच्या कडा घासल्या नाहीत म्हणून मित्राला हिणवणारेही मला मुळीच आवडत नाहीत. न घासलेली कड म्हणजे शिल्लक ठेवलेली जागा, अचानक खडी दिसली तर कामी येणारी. टायरमध्ये बघायचंच असेल तर मधला पट्टा सपाट झालाय का बघा, टायर थंड असताना हवा तपासा आणि बाजूवरचा चार आकडी कोड वाचा. 2322 असेल तर टायर 2022 च्या 23 व्या आठवड्यातला. नवा टायर टाकला असेल तर पहिले काही किलोमीटर जपून घ्या, त्याचा वरचा गुळगुळीत थर जाईपर्यंत पूर्ण ग्रिप मिळत नाही.

आता काही बाईकवर झुकलेल्या अवस्थेतही काम करणारा एबीएस, म्हणजे ब्रेक दाबल्यावर चाक लॉक होऊ न देणारी यंत्रणा, येतो. 2014 च्या केटीएम 1190 अॅडव्हेंचरपासून तो रस्त्यावर दिसू लागला. फार चांगली गोष्ट आहे, परवडत असेल तर नक्की घ्या. पण तो असलेली ग्रिप नीट वाटून देतो, नसलेली आणून देऊ शकत नाही.

इथे बाईक शिकवणारे कुणी असतील तर त्यांना एकच विनंती. सरळ रेषेतलं ब्रेकिंग झालं की मोकळ्या मैदानात, कमी वेगात, झुकलेल्या बाईकवर ब्रेकचा दाब हळूहळू कसा वाढवायचा हेही करून घ्या. बोटांना ते आधीच माहीत असायला हवं.